लिफ्टमधले सत्तर ग्रॅम

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये दोन पाट्या आहेत. एक लिफ्टबरोबरच आलेली: 'क्षमता चार माणसे.' दुसरी हाताने लिहिलेली, लाल शाईत, खाली तीन रेघा मारलेली: 'लिफ्टमध्ये वजन करण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.' नवीन राहायला आलेली माणसं ही दुसरी पाटी वाचून बुचकळ्यात पडतात. लिफ्टमध्ये थुंकू नये, सायकल चढवू नये, हे समजू शकतं. पण वजन? लिफ्टमध्ये वजन कोण करतं? मग कुणीतरी चौथ्या मजल्याकडे बोट दाखवतं. चौथ्या मजल्यावर मी राहते.

सुरुवातीला मला याची भयंकर लाज वाटायची. आता त्या पाटीकडे पाहिलं की मनातल्या मनात हात जोडावेसे वाटतात. असं का, ते सांगते.

आमची मुलगी सव्वादोन वर्षांची. तिला घरात सगळे खारूताई म्हणतात, कारण खारीसारखाच ती प्रत्येक घास गालात साठवते. गिळत नाही. सकाळी आठला भरवलेला घास मी साडेनऊला गालात शाबूत पाहिलेला आहे. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी तिला वजनाच्या यंत्रावर बसवलं, आकडा बघितला आणि चष्मा काढून पुसला. डॉक्टर चष्मा पुसायला लागले की आईने घाबरायचं असतं, एवढं मला दोन वर्षांत कळलं आहे.

"नऊ किलो नऊशे," ते म्हणाले. "घाबरायचं काही नाही. महिन्याभरात अडीचशे ग्रॅम वाढू दे. नाही वाढलं, तर आपण काही तपासण्या करू."

हे डॉक्टरांचं 'आपण' मोठं प्रेमळ असतं. सुई मात्र एकीलाच टोचतात.

मी त्याच संध्याकाळी वजनकाटा आणला. आकडे दाखवणारा, काचेचा. मी उभं राहायचं, आकडा तीनदा लुकलुकतो आणि गोठतो. मग खारूताईला कडेवर घेऊन पुन्हा उभं राहायचं. दुसऱ्यातून पहिला वजा केला की मुलगी शिल्लक राहते. मी पदवीधर आहे, वजाबाकी मला येते. पण वजनकाट्याच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, 'कठीण व सपाट जमिनीवरच ठेवावा', आणि आमच्या घरातल्या फरशा अशा की टेबलाच्या प्रत्येक पायाखाली वेगळ्या जाडीचा पुठ्ठा आहे. स्वयंपाकघरात मुलगी आठ किलो नऊशे भरली, बैठकीच्या खोलीत दहा सहाशे आणि बाल्कनीच्या दारात नऊ तीनशे. एका संध्याकाळी मला तीन वेगवेगळ्या मुली झाल्या आणि तिघीही नीट जेवत नव्हत्या.

तोडगा काढला पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी. या काकूंकडे इमारतीतल्या प्रत्येक अडचणीवर सल्ला असतो आणि तो मागावा लागत नाही.

"अगं, लिफ्टची जमीन बघ की! पोलादी पत्रा. एवढी सपाट जागा अख्ख्या इमारतीत दुसरी नाही."

मला पटलं. इथे मी जरा थांबून कबूल करते की ज्या बाईला लिफ्टमध्ये मुलीचं वजन करणं पटतं, ती त्या महिन्यात फारशी झोपलेली नसते.

रोज सकाळी सव्वासातला लिफ्ट रिकामी असायची. चौथ्या मजल्यावर बोलवायची, दार मिटू नये म्हणून मध्ये नवऱ्याचा बूट अडकवायचा, वजन करायचं, आकडा आणून फ्रिजवरच्या तक्त्यावर लिहायचा. दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही. तीन आठवडे ही व्यवस्था बिनबोभाट चालली. नऊ नऊशे, नऊ नऊशे पन्नास, एकदा दहा, पुन्हा नऊ नऊशे पन्नास. मुंगीच्या पावलांनी, पण चढत होती.

मग तो शुक्रवार आला. त्या दिवशी नवऱ्याला ऑफिसला लवकर जायचं होतं. म्हणजे बूटही ऑफिसला गेला होता.

मी दाराला चप्पल लावली. चप्पल पातळ. मी एकटी उभी राहिले तोपर्यंत ती टिकली: चौपन्न किलो दोनशे, रोजच्यासारखेच. खारूताईला उचललं, तेवढ्यात तिने पायाने चप्पल ढकलली आणि दार मिटलं. काट्यावर उभी राहिले, आणि त्याच क्षणी लिफ्ट खाली निघाली. कुणीतरी तळमजल्यावरून बोलावली होती. आकडा तीनदा लुकलुकला आणि गोठला: एकसष्ट किलो नऊशे.

वजाबाकी केली. सात किलो सातशे.

म्हणजे काल सकाळपासून आज सकाळपर्यंत माझी सव्वादोन किलो मुलगी नाहीशी झाली होती! मी तिच्याकडे पाहिलं. ती होती तेवढीच दिसत होती. गालात कालचं काहीतरी होतं.

तळमजल्यावर दार उघडलं. समोर सोसायटीचे सेक्रेटरी. पांढरे बूट, हातात फिरायला जायची काठी. आतमध्ये मी: अंगात गाऊन, डोक्याला टॉवेल, कडेवर मुलगी, वजनकाट्यावर उभी, डोळ्यांत पाणी.

"वहिनी," ते म्हणाले, "उतरताय का?"

यावर मी काय म्हणावं? "सव्वादोन किलो उतरलो," असं तोंडून गेलं. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली आणि ते जिन्याने गच्चीकडे निघाले. त्यांना जायचं होतं गच्चीवर. त्यासाठीच त्यांनी लिफ्ट बोलावली होती.

दहा वाजता मी दवाखान्यात. डॉक्टर परगावी. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "तुमची तारीख सोमवारची आहे."

"नुसतं वजन करा हो. एक मिनिटाचं काम."

"वजन फाईलवर घ्यायचं असतं. फाईल कपाटात आहे. कपाटाची चावी डॉक्टरांकडे."

"मग कागदावर लिहून द्या."

"कागदावरचं वजन आम्ही धरत नाही," त्या म्हणाल्या. यंत्र तिथेच होतं, माझ्यापासून चार पावलांवर, आणि त्यावर त्यांनी फुलदाणी ठेवली होती.

घरी परत आले तर लिफ्टवर नवा कागद: 'लिफ्टमध्ये कोणतेही यंत्र वापरण्यापूर्वी सेक्रेटरींची लेखी परवानगी घ्यावी.' शाई ओली होती. मी तिथेच, तळमजल्याच्या पायरीवर बसले आणि रडले. खारूताईने माझ्या गालावरचं पाणी बोटाने घेतलं आणि चाटलं. ते मात्र तिने लगेच गिळलं.

तिथे मला लंबककाका भेटले. दुसऱ्या मजल्यावर राहतात. बत्तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते. लिफ्टची वाट बघताना किल्ल्यांचा जुडगा दोरीला बांधून झुलवतात आणि तोंडाने झोके मोजतात, म्हणून हे नाव. त्यांचं एक 'जिज्ञासू मंडळ' आहे, दर रविवारी सायकलींच्या शेडमध्ये भरतं. गुरुत्वाकर्षण, सापेक्षता, प्रकाशाचा वेग, असे विषय असतात. सभासद दोन: काका आणि कोपऱ्यावरचा शिंपी.

मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ते धीर देतील. त्यांचे तर डोळे चमकायला लागले.

"लिफ्ट चालू होती? आणि खाली निघाली होती?"

"हो, पण त्याचं काय? मुलगी सात किलो सातशे…"

"अगं मुलगी आहे तेवढीच आहे! लिफ्ट खाली निघाली, म्हणजे पायाखालची जमीन जरा निसटली. काट्यावर दाब कमी पडला. तुमचं दोघींचं मिळून वजन कमी दिसलं. तुझंही घटलं होतं की त्यात. पण तू काय केलंस? तुझं वजन आधी मोजलेलं होतं, म्हणून सगळी घट पोरीच्या माथी मारलीस!"

हे वाक्य मला त्या वेळी नीट लागलं नाही. लागलं ते दोन दिवसांनी.

"लिफ्टची दोरी तुटली तर काटा शून्य दाखवील," काका आनंदाने म्हणाले. "मुलगी शून्य, तू शून्य, काटाही शून्य!"

सांत्वनाच्या अनेक पद्धती असतात. ही काकांची.

"पण हे खरं कशावरून?" मी विचारलं. मला समजलं होतं, विश्वास मात्र बसत नव्हता. आईचा विश्वास समजण्यावर चालत नाही.

"प्रयोग करू. रविवारी."

परवानगीचा अर्ज काकांनी लिहिला. छापील नमुना होता. 'कारण' या शब्दापुढे तीन चौकोन: वाढदिवस, सामान हलवणे, इतर. काकांनी 'इतर'वर खूण केली आणि पुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं: गुरुत्वाकर्षण.

सेक्रेटरींनी अर्ज दोनदा वाचला. "याचा इमारतीला काही धोका?"

"इमारत बांधल्यापासून चालू आहे," काका म्हणाले.

"माझ्याकडे तशी नोंद नाही." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "परवानगी देतो. पण मी स्वतः हजर राहीन. आणि लहान मूल आत नको."

मुलगी नको, तर मुलीऐवजी काय? शिंप्याने दहा किलो पिठाची पिशवी आणली. काकांनी घरातून ताणकाटा काढला, आकड्यांऐवजी खराखुरा काटा फिरणारा, आणि लिफ्टच्या कोपऱ्यातल्या कड्याला अडकवला. त्याला पिशवी टांगली. तेवढ्यावर थांबावं की नाही? शिंप्याने पिशवीला खारूताईची लोकरी टोपी घातली.

"हुबेहूब व्हायला हवं," तो म्हणाला.

"माझी मुलगी पिठाच्या पिशवीसारखी दिसते असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"दिसत नाही, ताई. भरते."

रविवारी साडेअकराला आम्ही चौथ्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरलो: काका, शिंपी, सेक्रेटरी आणि मी. बरोबर चार. पिशवी माणसांत धरायची का, यावर दोन मिनिटं चर्चा झाली. खारूताईच्या जेवणाची वेळ बाराची. मी सासूबाईंना बजावलं, "आई, मी दहा मिनिटांत येते. मी आल्याशिवाय सुरू करू नका."

हे मी का सांगितलं, तर दोन वर्षांत एकही घास तिला दुसऱ्या कुणी भरवलेला नव्हता. मी भरवायचे, मोजायचे, गालात बोट घालून तपासायचे.

दार मिटलं. काकांनी तळमजल्याचं बटण दाबलं. लिफ्ट निघाली, आणि खरंच, काटा दहावरून सरकला. साडेनऊच्या जरा वर येऊन थरथरला. मी श्वास रोखून बघत होते. पिशवी तीच. टोपी तीच. पिठाचा एक कणही सांडला नव्हता. तरी पीठ घटलं होतं!

"बघ! बघितलंस?" काका ओरडले.

"पडतंय!" सेक्रेटरी त्यांच्याहून मोठ्याने ओरडले. "वजन पडतंय!" आणि सोसायटीच्या मालमत्तेचं रक्षण करण्यासाठी त्यांनी लाल बटण दाबलं.

लिफ्ट गचका देऊन थांबली. काटा उडाला तो बाराच्या पुढे गेला.

"आहाहा!" काका म्हणाले. "थांबताना जड होतं, तेही झालं. एका बटणात दोन प्रयोग. साहेब, आभारी आहे."

मग कळलं की लाल बटणाने लिफ्ट थांबते, पण लाल बटणाने ती सुरू होत नाही. हिरवं बटण दाबलं. पिवळं दाबलं. सगळ्या मजल्यांची दाबली. आम्ही चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध टांगलेले.

"घंटा वाजवा," मी म्हणाले.

सेक्रेटरींनी चष्मा नीट केला.

"साहेब, घंटा."

"दोन महिन्यांपूर्वी मीच परिपत्रक काढलंय," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "मुलं खेळतात, सबब लिफ्टच्या घंटेची कुणीही दखल घेऊ नये."

आम्ही तरी वाजवली. परिपत्रकाची अंमलबजावणी चोख होती. कुणीही आलं नाही. शेवटी पाचव्या मजल्यावरच्या काकूंना खाली जायचं होतं, म्हणून त्यांनी जिन्यातून ओरडून चौकशी केली, आणि मेकॅनिकला फोन झाला. रविवार होता. तो जेवायला बसला होता. येतो म्हणाला, जेवून.

बारा वाजले. आमच्या घराचं दार लिफ्टसमोरच आहे आणि ते उघडं होतं. वरच्या फटीतून आवाज स्पष्ट येत होता. मी टाचा उंच केल्या.

"आई! निळी वाटी घ्या! छोटा चमचा! घास अर्धा! गिळला का बघून मगच दुसरा!"

"काय गं? ऐकू येत नाही!"

माझ्या सासूबाईंना तीन खोल्यांपलीकडून दूध उतू जाणार हे ऐकू येतं.

"बटाटा नीट कुस्करा, गाठी राहिल्या की…"

"काही ऐकू येत नाही बघ! तू बस निवांत!"

आणि मग वर सगळं शांत झालं. ती शांतता मी आयुष्यात विसरणार नाही. रडणं नाही, 'नको' नाही, वाटी फेकल्याचा आवाज नाही. मी काकांना म्हटलं, "काहीतरी झालंय. तिच्या घशात काहीतरी अडकलंय."

काका खाली बसले. मलाही बसवलं. टोपी घातलेली पिशवी आमच्या मध्ये लोंबत होती.

"हे बघ, सूनबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "आमच्या मंडळाचा हा सगळ्यात आवडता मुद्दा आहे. बंद पेटीत बसलेल्या माणसाला काटा हलताना दिसला, तर नुसत्या काट्यावरून त्याला कळत नाही की बाहेर जगात काही बदललं, की आपली पेटीच हलली. दोन्ही अगदी सारखंच दिसतं. खिडकी नसेल तर काही इलाज नाही."

'सगळी घट पोरीच्या माथी मारलीस' हे शुक्रवारचं वाक्य मला तेव्हा लागलं.

शिंपी इतका वेळ कोपऱ्यात नखं बघत उभा होता. तो एकदम म्हणाला, "ताई, ते वजनाचं काय घेऊन बसलात? मागल्या खेपेला तुमच्या पोरीचा फ्रॉक शिवला ना, गुडघ्याखाली चार बोटं होता. परवा पायरीवर बघितला, गुडघ्याच्या वर गेलाय. पोर वाढतीये. मी काट्याला विचारत नाही, टेपला विचारतो."

फ्रॉक! मी रोज तो फ्रॉक तिला घालत होते, धूत होते, वाळत घालत होते, आणि आटला म्हणून साबण बदलला होता.

सेक्रेटरींनी खिशातून रुमाल काढला आणि माझ्यापुढे धरला. घडी घातलेला, इस्त्री केलेला. "वापरा वहिनी," ते म्हणाले. "परत केला नाही तरी चालेल." नियमावलीतून बाहेर आलेलं त्यांचं हे पहिलंच वाक्य मी ऐकत होते.

आणि तेव्हाच वरून आवाज आला. चमच्याचा वाटीवर. भरल्या वाटीचा आवाज बसका येतो, रिकाम्या वाटीचा खणखणीत. हा खणखणीत होता. पाठोपाठ खारूताईचा आवाज, तोंडात काही नसलेला, स्वच्छ:

"अजून."

शिंप्याने पिशवीच्या डोक्यावरची टोपी काढली आणि घडी करून माझ्या हातात दिली.

मेकॅनिक साडेबाराला आला. आम्हाला वर ओढून काढलं, मी धावत घरात गेले. सासूबाई जमिनीवर बसून, भिंतीकडे तोंड करून आपलं आपण जेवत होत्या. खारूताई त्यांच्या ताटाला टेकून, दोन्ही हात बटाट्यात, केसांना लोणी. गाल दोन्ही सपाट.

"काय केलंत आई तुम्ही?"

"मी? मी काय करणार? मला भूक लागली होती, मी जेवायला बसले. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आली आणि घेतलं." त्यांनी घास घेतला. "इतकं कुणी तोंडाकडे टक लावून बघत बसलं, तर मलासुद्धा गिळवणार नाही गं."

त्या हे चिडून बोलल्या नाहीत. मीही चिडले नाही. महिनाभर मी मुलगी घटतेय म्हणून तक्ते भरत होते, आणि पेटी माझी हलत होती. मी त्यांच्याशेजारी बसले, तोंड भिंतीकडे करून, आणि जेवले. पोटभर. किती दिवसांनी ते आठवत नाही.

सोमवारी डॉक्टरांच्या यंत्रावरून फुलदाणी उचलली गेली. खारूताई बसली. काटा डुलला, थांबला. दहा किलो ऐंशी.

हवे होते दहा दीडशे. सत्तर ग्रॅम कमी. डॉक्टरांनी चष्मा काढला. पण त्यांनी चष्मा पुसला नाही, नुसता टेबलावर ठेवला, आणि खारूताईकडे बघत राहिले. ती यंत्रावरून उतरून त्यांच्या खुर्चीवर चढत होती, खुर्चीवरून टेबलावर, टेबलावरून फुलदाणीकडे.

"हिला काय तपासायचं?" ते म्हणाले. "सत्तर ग्रॅमचं मी बघतो. तपासण्या नकोत. पुढच्या महिन्यापासून वजन फक्त मी करणार. घरचा काटा कुणाला तरी देऊन टाका."

तो मी जिज्ञासू मंडळाला दिला. मंडळाचे सभासद आता तीन आहेत. रविवारी मी सायकलींच्या शेडमध्ये जाते, तेव्हा खारूताई आजीकडे जेवते आणि मी काय झालं ते विचारत नाही. सहसा.

सोमवारी परत आलो तेव्हा लिफ्टमध्ये ती लाल पाटी लागलेली होती. तिच्या खाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात, कुणीतरी लिहिलं होतं: 'वस्तुमानास हरकत नाही.' अक्षर कुणाचं ते सेक्रेटरी ओळखतात. त्यांनी ते अजून पुसलेलं नाही.

मी खारूताईला कडेवर घेतलं आणि चारचं बटण दाबलं. खाली जाताना हलकं होतं, तसं वर निघताना जड होतं. लिफ्ट उचलली जाते त्या पहिल्या दोन क्षणांत. काकांनी मला हिशेब करून दिलाय: आमच्या लिफ्टमध्ये तिच्या वजनाला साधारण साडेतीनशे ग्रॅम जास्त. काट्याची गरज नाही, हाताला कळतं. लिफ्टने उचल घेतली आणि माझी मुलगी माझ्या हातात भरली; डॉक्टरांना हवे होते ते सत्तर ग्रॅम आले, आणि वर आणखी कितीतरी.

चौथा मजला आला. दार उघडलं.

"अजून," खारूताई म्हणाली.

मी बाहेर डोकावून पाहिलं, जिन्यात कुणी नव्हतं. पुन्हा तळमजल्याचं बटण दाबलं. वर यायचं तर आधी खाली जावं लागणार होतं.